भाषाशोधक कास्त्रेन

युरोपच्या उत्तर टोकाला फिनलंड नावाचा अरण्यांचा व सरोवरांचा देश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे रशियाच्या झारचा अंमल होता. शाळांतून, कचेऱ्यांतून आणि सुशिक्षितांच्या घरांतून स्वीडिश भाषा नांदत होती. शेतकरी, कोळी व लाकूडतोडे यांच्या मुखी असलेली फिनिश भाषा मात्र विद्वानांच्या दरबारी उपेक्षित होती. अशा काळात, २ डिसेंबर १८१३ रोजी, तेर्वोला या गावी मातियास अलेक्झांडर कास्त्रेन याचा जन्म झाला.

त्याचे वडील धर्मोपदेशक होते. मातियास अकरा वर्षांचा असतानाच, १८२५ साली, त्यांचे छत्र हरपले. केमी येथील विद्याव्यासंगी चुलत्याने त्याला आधार दिला. पुढे ओउलू येथील शाळेत शिकत असताना लहान मुलांना शिकवून तो आपल्या खर्चाचा काही भार स्वतःच उचलीत असे. वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक व्हावे या हेतूने हेलसिंकीच्या विद्यापीठात त्याने ग्रीक व हिब्रू या भाषांचा अभ्यास आरंभिला. परंतु लवकरच त्याचे मन आपल्या देशभाषेकडे ओढले गेले. फिनिश भाषा शेजारच्या स्वीडिशसारखी नाही, रशियनसारखीही नाही. मग हिची भावंडे कोठे आहेत? या एका प्रश्नाने त्याला जन्मभर घरी स्वस्थ बसू दिले नाही.

ग्रंथालयात बसून हा प्रश्न सुटणारा नव्हता. ज्या जमातींच्या भाषा तपासावयाच्या, त्यांना लिपीच नव्हती. तेव्हा त्यांच्या झोपडीत जाऊन, त्यांच्या शेजारी बसूनच शब्द ऐकावयाचे व टिपावयाचे, हे त्याने ठरविले. १८३८ साली तो लापलंडमध्ये हिंडला, १८३९ साली करेलियात. १८४१ साली कालेवाला या फिनिश महाकाव्याचे त्याने केलेले स्वीडिश भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्या काव्याचा संकलक एलियास लेनरोट याच्यासह तो पुन्हा बाहेर पडला. लेनरोट मध्येच परतला. कास्त्रेन मात्र उरल पर्वत ओलांडून ओब नदीच्या मुखाजवळील ओब्दोर्स्कपर्यंत गेला. १८४४ साली तो घरी आला तेव्हा त्याच्याजवळ टिपणांचा मोठा संग्रह होता आणि छातीत क्षयाने घर केले होते.

अशा माणसाने उबदार घरात राहून औषधोपचार घ्यावयाचे. कास्त्रेनने १८४५ साली, सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या साहाय्याने, चार वर्षांच्या सायबेरिया प्रवासाला प्रारंभ केला! उन्हाळ्यात नावेतून, हिवाळ्यात बर्फगाडीतून तो ओब व येनिसेई या महानद्यांच्या खोऱ्यांत फिरला. धुराने कोंदलेल्या झोपड्यांत, मिणमिणत्या उजेडात त्याचे लेखन चाले. सामोयेद जमातींच्या भाषा फिनिश भाषेच्या दूरच्या नातलग आहेत, हे त्याने पुराव्यानिशी दाखविले. हे नाते आजही सर्वमान्य आहे. फिनी लोकांचे मूळ स्थान अल्ताई पर्वतात असावे हे त्याचे आवडते मत मात्र पुढे टिकले नाही.

येनिसेईच्या काठी त्याला एक निराळेच कोडे भेटले. तेथील एका जमातीला रशियन लोक ओस्त्याक म्हणत. ओबच्या काठच्या दुसऱ्या एका जमातीलाही ते ओस्त्याकच म्हणत. नाव एक असल्याने भाषाही एक असावी असे कोणासही वाटेल. पण ओबकाठचे लोक फिनिशशी नाते असलेली भाषा बोलत, तर येनिसेईकाठच्या लोकांची भाषा, जिला आज केत म्हणतात, या साऱ्या मंडळींत परकी होती. तिच्या बहिणी एकेकाळी दक्षिणेकडे दूरवर पसरलेल्या होत्या. कोत्त, असान, आरिन, पुम्पोकोल अशी त्यांची नावे. अठराव्या शतकातील प्रवाशांनी त्यांचे काही शब्द टिपून ठेवले होते. पण शब्दांच्या यादीवरून भाषेचे व्याकरण कळत नाही. त्या भाषा बोलणारे लोक हळूहळू रशियन किंवा शेजारच्या तुर्की वंशाच्या भाषा बोलू लागले होते.

कोत्त भाषा संपली असेल असे वाटावे अशीच स्थिती होती. परंतु आगुल नदीच्या काठी एक लहानसे गाव वसवून राहिलेली काही कोत्त माणसे कास्त्रेनला भेटली. आपली भाषा त्यांनी जतन केली होती. ती माणसे होती अवघी पाच! एक जमात, तिची भाषा, तिचे सारे शब्दभांडार आता या पाच जणांच्या जिभेवर उरले होते. कास्त्रेन त्यांच्याजवळ बसला. तेव्हा आवाज साठवून ठेवणारी यंत्रे नव्हती. कान हेच यंत्र, आणि लेखणी हाच आधार. वस्तूंची नावे, अंक, नामांची व क्रियापदांची रूपे तो एकामागून एक विचारीत गेला आणि प्रत्येक ध्वनी, त्याचा ऱ्हस्वदीर्घपणासुद्धा, खुणा करून लिहीत गेला.

त्या वहीतील काही शब्द पाहण्यासारखे आहेत. कोत्त भाषेत एकाला हूचा, दोनाला ईना व तिनाला तोंगा म्हणत. सहा, सात व आठ हे अंक ‘पाच आणि एक’, ‘पाच आणि दोन’, ‘पाच आणि तीन’ अशा जोडणीने होत. म्हणून सातच्या शब्दाच्या शेवटी ईना आणि आठच्या शेवटी तोंगा ऐकू येते. पाण्याला कोत्त भाषेत ऊल म्हणत, केतमध्येही ऊलच म्हणतात, तर आरिनमध्ये कूल. नदीला कोत्तमध्ये शेत, केतमध्ये सेस, आरिनमध्ये सत आणि पुम्पोकोलमध्ये तत असा शब्द होता. शेत हा शब्द वाचून मराठी विद्यार्थ्याला गंमत वाटेल. परंतु असे एखादे साम्य केवळ योगायोगाचे असते. भाषांचे नाते ठरते ते एका भाषेतील ध्वनीच्या जागी दुसरीत ठराविकच ध्वनी वारंवार येतो तेव्हा. अशी तुलना करावयाची तर शब्द अचूक टिपलेले हवेत, आणि कास्त्रेनने ते तसे टिपले होते.

१८४९ साली तो परतला. १८५० साली त्याचा विवाह झाला, आणि १८५१ साली हेलसिंकी विद्यापीठात फिनिश भाषेचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. उपेक्षित देशभाषेला विद्यापीठात पीठ मिळाले; पण त्यावर बसण्यास त्याला फार दिवस लाभले नाहीत. सामोयेद व्याकरणाच्या लेखनात गढलेला असतानाच ७ मे १८५२ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

कोत्त भाषेची टिपणे तशीच पडून राहिली असती, तर त्या पाच जणांचे बोलणेही त्यांच्याबरोबरच गेले असते. पण अंतोन शीफनर या विद्वानाने कास्त्रेनचे कागद मोठ्या कष्टाने लावले आणि १८५८ साली केत व कोत्त या दोन्ही भाषांचे व्याकरण शब्दसंग्रहासह जर्मन भाषेत छापून प्रसिद्ध केले. तोवर कोत्त भाषा लुप्तप्राय झाली होती. तिच्या आरिन व पुम्पोकोल या बहिणींचे आज काही शब्द तेवढे उरले आहेत. कोत्तचे मात्र व्याकरण उरले आहे. २००८ साली एडवर्ड वाज्दा या अमेरिकन अभ्यासकाने येनिसेईकाठच्या या भाषांचे नाते समुद्रापलीकडे, उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या ना-देने भाषांशी जोडून दाखविण्याचा प्रयत्न केला. त्याचे मत सर्वांना मान्य झालेले नाही. पण त्याची चर्चा करणाऱ्यांना कास्त्रेनची ती पाने उघडावी लागतात. फिनिश भाषेची भावंडे शोधावयास निघालेल्या या माणसाने जिच्याशी फिनिशचे काहीच नाते नाही अशी एक भाषा विस्मृतीतून वाचविली.

मॉस्कोहून पूर्वेकडे जाणारी आगगाडी क्रास्नोयार्स्कनंतर ताइशेत नावाच्या मोठ्या जंक्शनवर थांबते. या नावाचा अर्थ अभ्यासक ‘थंड नदी’ असा लावतात. त्यातील शेत हा आगुलकाठच्या त्या माणसांनी कास्त्रेनला सांगितलेला नदीचा शब्द होय.