जंगलाचा हिशेब

मुलांनो, तुमच्या घरी सागवानी दरवाजा किंवा एखादी जुनी पेटी असेल, तर तिच्यावरून हात फिरवून पाहा. सागाचे झाड चांगले जाड व्हायला माणसाचे सारे आयुष्य लागते. तोडायला एक दिवस पुरतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना जहाजांसाठी साग हवा होता. म्हणून ब्रह्मदेशातील सागाची जंगले भराभर तोडली जाऊ लागली. मागे किती झाडे उरली, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. ती मोजण्याचे काम डीट्रिख ब्रँडिस यांच्याकडे आले.

ब्रँडिस जर्मन होते. त्यांचा जन्म बॉन शहरात ३१ मार्च १८२४ रोजी झाला. ते तेथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८५६ साली ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या जंगलांवर त्यांची नेमणूक झाली.

एवढ्या दाट जंगलातील झाडे मोजायची कशी? ब्रँडिस हत्तीवर बसून निघत. डाव्या हातात काही काठ्या, उजव्या हातात चाकू. वाटेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात साग दिसला, की ते काठीवर एक खाच पाडीत. जाड झाडांची काठी वेगळी, बारीक झाडांची वेगळी. तुम्ही विचाराल, कागदावर का लिहिले नाही? घामाने हात इतके ओले असत, की कागद हाती धरवत नसे. असे कित्येक महिने चालले. हिवतापानेही त्यांना गाठले. या खाचांवरून त्यांनी साऱ्या जंगलाचा अंदाज बांधला.

मग त्यांनी हिशेब मांडला. हिशेब म्हणजे तुमचा 'हिसाब'च! सहा फूट किंवा त्याहून जास्त घेराचेच झाड तोडायचे. त्याखालच्या गटातील झाडे तेवढी वाढायला सुमारे २४ वर्षे लागतात. म्हणून दरवर्षी मोठ्या झाडांपैकी चोविसावा हिस्साच तोडायचा. समजा, मोठी झाडे २,४०० आहेत, तर वर्षाला फक्त १००. रंगून आणि मौलमीनच्या लाकूडव्यापाऱ्यांना हे मुळीच आवडले नाही.

तेथील डोंगरांत करेन लोक राहत. ते झाडी जाळून धान पिकवीत आणि काही वर्षांनी जागा बदलीत. ब्रँडिस यांनी त्यांनाच सोबत घेतले. करेनांनी धानाबरोबर सागही लावायचा आणि त्याबद्दल मोबदला घ्यायचा, असे ठरले. शेत दुसरीकडे गेले, तरी मागे सागाची रोपे राहत. या पद्धतीला 'टाँग्या' म्हणतात. यात सरकारचा फायदा अधिक होता, हेही खरे.

१८६४ साली ब्रँडिस हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांनी श्लिश आणि रिबेनट्रॉप हे दोन जर्मन वनतज्ज्ञ बोलावले. श्लिश यांनी १८७५ साली 'इंडियन फॉरेस्टर' हे नियतकालिक काढले. निरनिराळ्या प्रांतांतील वनाधिकारी आपापली निरीक्षणे त्यात लिहू लागले. १८७८ साली डेहराडूनला वनविद्येची शाळाही निघाली.

त्याच वर्षी नवा वनकायदा आला. सरपण आणि चारा यांसाठी गावांना स्वतःचे जंगल असावे, असे ब्रँडिस यांचे मत होते. पण कायद्याचा सारा कल सरकारी मालकीकडे राहिला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात जाणारी माणसे आता गुन्हेगार ठरू लागली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याला विरोध केला. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात वनखात्यावर कडक टीका केली. ब्रँडिस यांना गावांची गरज कळत होती, पण हे खाते उभे केले होते त्यांनीच.

१८८३ साली ते निवृत्त झाले. तरी त्यांना स्वस्थ बसवले नाही. युरोपात जाऊन ते तरुणांना वनविद्येचे धडे देत राहिले. पुढे अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख झालेले गिफर्ड पिंशो हे त्यांच्याकडेच शिकले. म्हातारपणी ब्रँडिस यांनी भारतातील झाडे, झुडपे, वेली आणि बांबू यांची माहिती देणारा मोठा ग्रंथ लिहायला घेतला. 'इंडियन ट्रीज' हा तो ग्रंथ १९०६ साली छापून झाला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, २८ मे १९०७ रोजी, बॉन येथे त्यांचे निधन झाले.