गोपाळ गणेश आगरकर : वाक्य उलगडून दाखवणारे शिक्षक

शिक्षक मित्रांनो, चौथी-पाचवीच्या मुलांना 'मी दूध पितो' हे इंग्रजीत लिहायला सांगून बघा. बरीच पोरं 'आय मिल्क ड्रिंक' लिहून मोकळी होतात. आपण लाल पेनने गोल करतो आणि पुढे जातो. पण मुलाने केलं काय? मराठी वाक्य जसंच्या तसं उचललं, एवढंच. अशा वेळी मला आगरकर आठवतात.

आगरकर म्हटलं की आपण 'समाजसुधारक' एवढं लिहून थांबतो. ते आयुष्यभर शिक्षक होते, हे राहूनच जातं. जन्म १४ जुलै १८५६, कराडजवळचं टेंभू. घरची अतिशय गरिबी. शिक्षणासाठी वणवण करत ते अकोल्याला आले आणि १८७५ मध्ये तिथूनच मॅट्रिक झाले. (आपला वाशिम जिल्हा १९९८ पर्यंत अकोल्यातच होता बरं का!) तिथे त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक लाभले. महाजनींनी शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'वरून 'तारा' हे नाटक लिहिलं, तर शिष्याने 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित'.

एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. आईलाही तीच आशा होती. पण ती आशा सोड, असं आईला पत्राने कळवून ते १८८१ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये थोड्या पगारावर शिकवू लागले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक आणि १८९२ पासून प्राचार्य.

आता आपल्या कामाची गोष्ट. १८८८ मध्ये त्यांनी 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक लिहिलं. इंग्रजी व्याकरणातली पृथक्करणाची रीत त्यांनी मराठी वाक्याला लावून दाखवली. उद्देश्य कोणतं, विधेय कोणतं, हे मुलाला आधी स्वतःच्या भाषेत दिसलं, की परक्या भाषेतलं वाक्य तेवढं परकं राहत नाही. त्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला, तोही मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. दम्याने शरीर पोखरलं होतं. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या चाळिशीआधीच, ते गेले.

माझ्या इंग्रजीच्या टाचणात म्हणून पहिली दहा मिनिटं मराठीची असतात. 'मी', 'दूध', 'पितो' अशा तीन चिठ्ठ्या. मुलं त्या आधी मराठीच्या क्रमाने लावतात. मग एक जण उठून 'पितो'ची चिठ्ठी उचलतो आणि मध्ये ठेवतो. इंग्रजी शब्द त्यानंतर फळ्यावर येतात.