वरातीतला अपमान आणि जोतीरावांची मंगलाष्टके

केळव्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनालगत मांडव घातलेला. आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या मुलीचे लग्न. त्रिसरण-पंचशील झाले, वधूवरांच्या प्रतिज्ञा सुरू झाल्या आणि तेवढ्यात पोरांनी डीजे लावला. बौद्धाचार्य सांगत होते, मुलीचे ओठ हलत होते. पण ती काय बोलली हे पहिल्या रांगेतही कोणाला ऐकू आले नाही. शेजारी बसलेल्या वारली आजींनी आम्हाला हळूच विचारले, की तुमच्यात नवरीचे बोलणे ऐकायचे नसते का? त्यांच्या पाड्यावर लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक बाईच. आणि तिचे गाणे पुरे झाल्याशिवाय लग्न लागत नाही. युक्तिवाद करणे हा आमचा धंदा, पण आजींना आम्हाला उत्तर देता आले नाही. परतीच्या गाडीत क्रांतिबा जोतीराव फुले आठवत राहिले. कारण लग्नातले गाणे कोणाचे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नव्हता.

जोतीरावांचा जन्म १८२७चा. वर्षभराच्या आतच आई चिमणाबाई गेली. सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. १८४० साली त्यांचे लग्न झाले तेव्हा ते तेरा वर्षांचे आणि सावित्रीमाई नऊ वर्षांच्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भटजींनी संस्कृतात म्हटले, वऱ्हाड्यांनी अक्षता टाकल्या. नवरीला काय वाटते हे विचारण्याची त्या विधीत जागाच नव्हती.

मिशनरी शाळेत शिकत असताना, १८४७ साली, जोतीरावांच्या हाती थॉमस पेनचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ आला. पुढच्याच वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाची वरात निघाली. निमंत्रण होते म्हणून जोतीराव वाजंत्र्यांच्या मागून सर्वांबरोबर चालू लागले. शूद्राने ब्राह्मणांच्या बरोबरीने चालावे हे कोणाला तरी खपले नाही आणि भर रस्त्यात त्यांचा अपमान झाला. वाजंत्री पुढे गेली, एकवीस वर्षांचा तरुण घरी परतला. त्याच १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली, हा इतिहास आमच्या वाचकांना पाठ आहे.

आम्हाला आज सांगायची आहे ती दुसरी बाजू. पेनचा सगळा रोख वंशपरंपरेच्या हक्कावर होता. बाप राजा म्हणून मुलगा राजा, बाप सरदार म्हणून मुलगा सरदार, हे माणसाच्या बुद्धीला पटणारे नाही, असे तो बजावत होता. त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १८९१च्या बरोबर शंभर वर्षे आधी, १७९१ साली निघाला. युरोपात तेव्हा हा विचार केवळ ग्रंथांत नव्हता, संगीतातही शिरला होता. व्हिएन्नाच्या रंगभूमीवर १७८६ साली मोझार्टची ‘फिगारोचे लग्न’ ही संगीतिका झाली. नोकर फिगारो आणि दासी सुझाना यांचे लग्न ठरले आहे आणि मालक सरदाराचा डोळा नवरीवर आहे. सरंजामदाराचा तो जुना हक्क त्याने नावापुरता सोडलेला असतो, पण मनातून सुटलेला नसतो. नोकर, दासी आणि सरदाराची बायको मिळून त्याला असे पकडतात, की शेवटी सर्वांसमोर गुडघे टेकून त्याला बायकोची माफी मागावी लागते. ज्या मूळ नाटकावरून हे घेतले, त्याच्या प्रयोगाला त्याच शहरात बादशहाने मनाई केली होती! मोझार्ट स्वतःही साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या पदरी नोकर होता. हुजऱ्यांच्या पंगतीत जेवायला बसावे लागे, याचा त्याला संताप होता. १७८१ साली ती नोकरी त्याने सोडली.

जोतीरावांनी मोझार्ट ऐकला होता असे आम्ही म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या लग्नावर जन्मसिद्ध हक्क सांगणारे इथेही होते. तिकडे सरदार, इकडे ग्रामजोशी. त्याने लग्न लावो अगर न लावो, दक्षिणा हे त्याचे वतन! वकिलाच्या भाषेत सांगायचे तर शूद्राच्या घरातला मंगलप्रसंग ही जोश्याची वंशपरंपरागत मिळकत होती. फिगारोची गोष्ट नाट्यगृहात घडली आणि तिकीट काढणाऱ्यांनी पाहिली. जोतीरावांनी ती गावागावांतल्या मांडवात घडवली. हा फरक लहान नाही.

गाण्याची ताकद त्यांना आधीच कळलेली होती. १८६९ साली त्यांनी शिवरायांचा पोवाडा लिहिला. निरक्षर कुणब्याला पुस्तक वाचता येत नाही, पण डफ ऐकू येतो हे त्यांना ठाऊक होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीविना पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न असेच लावले तेव्हा जोश्यांनी फिर्याद गुदरली; प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. न बोलावलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरचा हक्क कायद्याने रद्द व्हायला मात्र १९२६ साल उजाडावे लागले.

१८८८ साली मुंबईत जनतेने त्यांना महात्मा म्हटले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली. तात्यासाहेब थांबले नाहीत, डाव्या हाताने लिहू लागले. फेब्रुवारी १८८९मध्ये दत्तक पुत्र यशवंताचे लग्न त्यांनी सत्यशोधक पद्धतीनेच लावले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि डाव्या हाताने लिहिलेला ‘सार्वजनिक सत्यधर्म’ १८९१ साली प्रसिद्ध झाला. बाबासाहेब जन्मले ते हेच वर्ष.

जोतीरावांनी मंगलाष्टकेही रचली. ती आम्ही कायद्याच्या चष्म्यातून वाचतो तेव्हा थक्क होतो. इथे देवादिकांची स्तुती करून वधूवरांना गप्प उभे केलेले नाही. वधू आणि वर आळीपाळीने बोलतात, मराठीत बोलतात. वधू म्हणते, की स्वातंत्र्य म्हणजे काय याची आम्हा स्त्रियांना ओळखच झालेली नाही. तेव्हा स्त्रियांना अधिकार देईन अशी शपथ तू आता घे. वर सर्वांसमोर ती घेतो. मागणी, मान्यता आणि साक्षीदार. याला आमच्या भाषेत करार म्हणतात, आणि करार दोन समान माणसांतच होतो. नऊ वर्षांच्या सावित्रीला जे कोणी विचारले नाही, ते तात्यासाहेबांनी प्रत्येक नवरीच्या तोंडी घातले. वरातीतून अपमानित होऊन परतलेल्या तरुणाने उगवलेला हा सूड किती सुंदर आहे!

तात्यासाहेबांच्या पश्चात सत्यशोधक जलसे निघाले. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांत गेले. चळवळ गाण्यावर वाढली, म्हणून आम्ही वाद्यांचे शत्रू नाही. पण बांधवांनो, आमची तक्रार वेगळी आहे. भटजी आम्ही मांडवाबाहेर काढला. मग नवरीचा आवाज दाबण्याचे त्याचे काम आम्ही भाड्याच्या भोंग्यांकडे का सोपवले? कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्यांवर आमच्याच समाजाच्या लेकी भेटतात. लग्नात दिलेला शब्द त्यांच्या नवऱ्यांना आठवत नाही, कारण तो कोणी ऐकलेलाच नसतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे. यापुढे आपल्या मांडवात वधू बोलू लागली की सगळी वाद्ये बंद व्हावीत, आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या आजीलाही ती काय बोलली हे ऐकू यावे. ती बोलून झाली की मग खुशाल वाजवा, आम्हीही नाचू.