डोंगरावर साठवलेली वीज

डोंबिवलीत सकाळी नळाला येणारे पाणी उल्हास नदीतून उचलले जाते. पावसाळा सरल्यावर या नदीतल्या पाण्याचा मोठा वाटा भिवपुरीच्या वीज केंद्रातून सोडलेला असतो. म्हणजे आपल्या बादलीत पडण्याआधी ते सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरताना एक काम करून आलेले असते. सह्याद्रीवरच्या पाण्याला या कामाला जुंपण्याचे ज्यांनी मनावर घेतले, त्या जमशेटजी टाटांना ते पाहायला मिळाले नाही.

जमशेटजींचा जन्म 3 मार्च 1839 चा, नवसारीचा. घराणे पारशी पुरोहितांचे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते 1858 मध्ये बाहेर पडले आणि वडिलांच्या व्यापारात शिरले. हाँगकाँग झाले, इंग्लंड झाले, लँकेशायरच्या गिरण्या पाहून झाल्या. मग स्वतःची गिरणी त्यांनी मुंबईत न काढता नागपूरला काढली. कापूस जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळ, हा त्यामागचा हिशेब. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली.

त्या काळच्या गिरणीत वाफेच्या इंजिनाला एक अवाढव्य गतिचक्र जोडलेले असे. इंजिनाचा जोर सलग नसतो, दट्ट्याच्या प्रत्येक फेरीत तो कमीजास्त होतो. जड चाक जास्तीचा जोर आपल्या फिरण्यात साठवते आणि जोर कमी पडला की परत देते. तसे झाले नाही तर चात्यांना हिसके बसून सूत तुटणार. जमशेटजींनी नव्या रिंग चात्या नागपुरात लवकर आणल्या. त्या जुन्यांपेक्षा वेगाने फिरत, त्यामुळे चातीचा तोल आणि चाकाचा संथपणा या दोन्हींना आणखी महत्त्व आले. हा साठा मात्र क्षणभराचा.

मुंबईच्या गिरण्यांची अडचण निराळी होती. कोळसा दुरून, थेट बंगालमधून यायचा. तो महाग पडे आणि त्याचा धूर गिरणगावातल्या माणसांच्या छातीत जाई. डेव्हिड गॉस्टलिंग या वास्तुतज्ज्ञाने लोणावळा-खंडाळ्याच्या पावसाकडे बोट दाखवले. तिथे चार महिने कोसळणारे पाणी धरणात अडवले, तर वर्षभर पुरेल असा साठा होतो. जमशेटजींनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ही योजना उचलून धरली. पोलाद कारखाना आणि विज्ञान संस्था हे ध्यासही त्याच सुमाराचे. 19 मे 1904 रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे त्यांचे निधन झाले, तेव्हा तिन्ही गोष्टी कागदावरच होत्या. पुत्र दोराबजींनी 1910 मध्ये वीज कंपनी काढली. 1911 मध्ये पायाभरणी झाली आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली.

उंचीवरच्या पाण्यात किती ऊर्जा असते? आपल्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत 1000 लिटर पाणी असेल, तर त्यातल्या ऊर्जेवर 9 वॉटचा दिवा जेमतेम साडेचार तास जळेल. खोपोलीला पाणी सुमारे 525 मीटर खाली येते. तिथे तेवढ्याच पाण्यातून, गळती धरूनही, सव्वा युनिटच्या आसपास वीज निघते. नळाच्या तोटीतून सुटणारी धार ताशी साडेतीनशे किलोमीटरहून वेगाने चाकाच्या वाट्यांवर आदळते. ती वाटीच्या मधल्या धारदार कण्यावर नेमकी पडून दुभंगली पाहिजे. जरा सरकली की दांड्यावर एका बाजूने दाब येतो. पाण्यातली वाळू तर वाट्या कुरतडतेच. मागणी एकदम घटली म्हणून पाणी झटकन बंद करावे, तर आतल्या आत धक्का बसून नळ फुटेल. म्हणून आधी एक पत्रा आडवा येऊन धार बाजूला वळवतो आणि मग तोटीतली सुई सावकाश पुढे सरकते.

खोपोलीमागून 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा ही केंद्रे आली. भिऱ्याच्या धरणाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालेच. मुंबईचा धूर कमी करण्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या घरात ती वीज गेली नाही, हे जमशेटजींच्या दूरदृष्टीचे कौतुक करताना विसरता येत नाही. शिवाय पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी पश्चिमेला वळवल्याचा वाद आजही मिटलेला नाही. आपण कल्याण-डोंबिवलीकर त्या वादाच्या पाणी पिणाऱ्या बाजूला आहोत.

आता पाणी खाली सोडून थांबायचे नाही, तर पुन्हा वर चढवायचे, असे तंत्र आहे. उन्हाची स्वस्त वीज दुपारी वापरून पंपाने पाणी वर न्यायचे आणि संध्याकाळी घरोघर दिवे लागले की खाली सोडायचे. शंभर युनिट घातली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. भिवपुरीला 1000 मेगावॉटचा असा प्रकल्प ठरला आहे. ठाणे जिल्ह्याला हे नवे नाही. अकोल्यातले घाटघर आणि शहापूर तालुक्यातले चोंढे यांच्यामधला 250 मेगावॉटचा प्रकल्प 2008 पासून हेच करतो. डोंगराच्या पोटात दोन यंत्रे आहेत. एका दिशेने फिरली की टर्बाइन, उलट फिरली की पंप.