गाडगेबाबांचा खराटा



एका माणसाच्या वृत्तीने सारे गाव कसे हालते, हे पाहावयाचे असेल तर गाडगेबाबांचे जीवन डोळ्यांपुढे आणा.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावी एका परीट कुटुंबात डेबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्यास माहेरी आली. तेथे गुरे राखीत, शेतात राबत डेबूजी वाढला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. पुढे मुलीच्या बारशाला त्याने रूढीप्रमाणे दारू-मटण न करता गोड जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण तो बधला नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि फुटके गाडगे. गावात शिरले की ते मुकाट्याने रस्ता झाडू लागत. लोक वेडा म्हणून हसत. बाबा चिडत नसत, कुणाला दोष देत नसत, झाडीतच राहत. मग हसणाऱ्यांनाच लाज वाटे आणि एकेक जण झाडू घेऊन पुढे येई. रात्री कीर्तनात ते साधे प्रश्न विचारून लोकांच्याच तोंडून उत्तरे काढीत. नवसाचे बोकड, कर्ज काढून केलेले लग्न, दारू, शिवाशिव यांतले काहीच सुटत नसे. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत घाला, हा त्यांचा आग्रह असे.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्या. आपल्या वाडवडिलांच्या हाती खराटा जातीने लादला होता. तो हसतमुखाने सोसणे हा सद्‌गुण नव्हे, ती गुलामी होय. बाबांनी खराटा स्वेच्छेने उचलला आणि घाण करणाऱ्यालाच ती काढावयास लावले. त्यामुळे झाडणे हे एका जातीचे काम उरले नाही, तेवढ्यापुरते ते साऱ्या गावाचे झाले.

बाबा कीर्तनपरंपरेतले, त्यांची वाट आपल्याहून निराळी होती. तरीही दोघांना जोडणारा धागा शिक्षणाचा होता. अस्पृश्य यात्रेकरूंना पंढरपुरात निवारा मिळत नसे, म्हणून बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली तीच त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर बाबांनीही देह ठेवला.

२०००-०१ पासून महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले. परंतु नाव देणे सोपे आहे. आजही गटार उपसावयास कुणाला उतरवले जाते, हे तुम्ही आपल्याच गावात पाहा. ज्याने घाण केली त्याच्या हाती खराटा द्या आणि आपल्या लेकरांच्या हाती पुस्तक द्या. सुरुवात मात्र, बाबांप्रमाणे, न रागावता, स्वतःच्या दारापासून करा.