थेओफील गोतिये

फ्रान्सच्या दक्षिणेस पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं तार्ब नांवाचें गांव आहे. तेथें ३० ऑगस्ट १८११ रोजीं थेओफील गोतिये याचा जन्म झाला. तो तीन वर्षांचा असतांना त्याचें कुटुंब पॅरिसला आलें. चित्रकार व्हावें अशी त्याची मोठी इच्छा होती. तो एका चित्रशाळेंत जाऊंही लागला. परंतु दृष्टि अधू असल्यामुळें व साहित्याची ओढ वाढल्यामुळें हातांतला कुंचला सुटला आणि लेखणी आली.

१८३० च्या राज्यक्रांतींत वडिलांची मिळकत बुडाली. नुसत्या कवितेवर निर्वाह होईना, म्हणून १८३६ सालीं तो ‘ला प्रेस’ या वृत्तपत्रांत टीकालेख लिहूं लागला. नाटक, चित्रें, बॅले म्हणजे नृत्यनाट्य, जें रंगभूमीवर येई त्याविषयीं लिहावें लागे. हें जूं त्याला जन्मभर जाचलें. तरीही त्यानें नृत्य बारकाईनें पाहिलें. मारी ताल्योनी व फॅनी एल्सलर या थोर नर्तकींपैकीं पहिलीस त्यानें ख्रिस्ती व दुसरीस मूर्तिपूजक म्हणून त्यांच्या कलेंतील भेद वाचकांस समजाविला. १८३८ सालीं दक्षिण हिंदुस्थानांतील देवदासी पॅरिसला गेल्या, तेव्हां त्यांच्या नृत्याविषयींही त्यानें आदरानें लिहिलें.

पुढें जर्मन कवि हाइने याच्या ग्रंथांत, लग्नापूर्वींच मरण पावलेल्या व रात्रीं नाचणाऱ्या वधूंची दंतकथा त्याच्या वाचनांत आली. तिजवरून त्यानें सॅं-जॉर्ज या लेखकाच्या साह्यानें ‘जिझेल’ची कथा रचली. इतरांचे दोष दाखविणारा टीकाकार आतां स्वतःच प्रेक्षकांच्या न्यायासनापुढें उभा राहिला! २८ जून १८४१ रोजीं पॅरिसच्या ऑपेरांत कार्लोत्ता ग्रिसी हिनें जिझेलची भूमिका केली आणि प्रयोगास अपूर्व यश आलें. १८५८ सालीं कालिदासाच्या शाकुंतलावरूनही त्यानें बॅलेची कथा रचली.

२३ ऑक्टोबर १८७२ रोजीं पॅरिसजवळ न्यूयी येथें तो वारला. तत्पूर्वींच, १८६८ सालीं, पॅरिसनें ‘जिझेल’ बाजूस टाकलें होतें. रशियन कलावंतांनीं मात्र तें जतन केलें व १९१० सालीं पॅरिसला परत आणलें. आजही जगभर त्याचे प्रयोग होतात.

विद्यार्थिमित्रांनो, गोतियेला हवें होतें तें काम मिळालें नाहीं. जें मिळालें तें कंटाळवाणें वाटलें. परंतु त्या कामांतच वर्षानुवर्षें डोळे उघडे ठेवून त्यानें जें ज्ञान मिळविलें, त्यांतूनच त्याची चिरंजीव कृति जन्मास आली.