पाणी गेले, सांगाडा राहिला

जेलीतले पाणी आटले की ती आक्रसते, तडकते. आटताना द्रवाचा पृष्ठताण सूक्ष्म छिद्रांच्या भिंती आत ओढतो. अमेरिकी रसायनतज्ज्ञ सॅम्युएल किस्लर (१९००–१९७५) यांनी यावर तोडगा काढला. पाण्याच्या जागी अल्कोहोल भरून त्यांनी जेली बंद पात्रात दाबाखाली इतकी तापवली, की द्रव आणि वायू हा भेदच उरला नाही. पृष्ठताण संपला, वायू सावकाश सोडल्यावर सच्छिद्र सांगाडा शाबूत राहिला. १९३१ मध्ये ‘एरोजेल’ जाहीर झाले. सिलिकाचे, तसेच ॲल्युमिना आणि कथिलाच्या ऑक्साइडचेही. कारखान्यातले उत्पादन मात्र पुढे बंद पडले. किस्लर गेले तेव्हा एरोजेल जवळपास विस्मृतीत होते. २००४ मध्ये नासाच्या ‘स्टारडस्ट’ यानाने धूमकेतूची धूळ टिपली, ती याच पदार्थात.